आणून सोड माझ्याकडे

४ मे

ताई,

नमस्कार-चमत्कार नंतर बघू. तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पत्र. पत्र काही ब्लॉक करता येत नाही. फार तर न वाचता फेकशील, पण ते तू करणार नाहीस, कारण यात आईबद्दल लिहिलंय.

आम्ही निघालो. मी आणि आई. तुझ्याकडे. गाडीने.

आठवत नसेल तर आठवण करून देतो. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. खोलीत मामा, शेजारपाजारचे, सगळे बसलेले आणि तुझा फोन स्पीकरवर. तू तिथून माझी उलटतपासणी घेत होतीस. आईला वाफ दिलीस का, पाठीमागे उशा किती लावतोस, पंखा थेट अंगावर येतो का, कुशीवर वळवतोस की पडू देतोस तशीच. बाबांना खांदा द्यायला तुला येता आलं नाही, पण पंख्याची दिशा विचारायला वेळ होता. मी म्हणालो, एवढी काळजी आहे तर येऊन बघ. त्यावर तू सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "तुला जमत नसेल तर आणून सोड माझ्याकडे. मी बघते."

तुला पक्कं माहीत होतं की आणून सोडता येणार नाही. आईच्या फुप्फुसाला तो हवेचा फुगा आहे, विमानात बसवली तर फुटेल, हे डॉक्टरांनी तुलाही फोनवर सांगितलं होतं. म्हणून तर एवढ्या सढळ हाताने बोललीस. सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलगी असावी तर अशी. मग मी तोंडाला येईल ते बोललो, तू नंबर ब्लॉक केलास आणि वाईट कोण ठरलं ते तुला ठाऊक आहे.

तर मी नकाशा काढून बसलो. जमिनीवरून न्यायला डॉक्टरांची बंदी नाही. तुझ्या दारापर्यंत रस्ता आहे, ताई. मधे एका ठिकाणी पाणी आहे, तिथे गाड्या बोटीत चढवतात. बाकी सगळा डांबरी, कच्चा, कसा का होईना, रस्ताच आहे. पासपोर्ट, व्हिसा, गाडीचे कागद, सगळं करण्यात हिवाळा गेला.

गाडी तीच, शाळेची व्हॅन. पिवळी. मागच्या दारावर 'मुले आहेत, सावकाश' तसंच ठेवलंय. मधलं बाक काढून आईसाठी गादी टाकली. खिडक्यांना गज आहेत, पोरांनी हात बाहेर काढू नयेत म्हणून बसवलेले. आई आत बसल्यावर म्हणाली, "तुरुंगातून नेतोस काय रे मला?" छताला पोरांनी चिकटवलेली चित्रं आहेत. झोपल्या झोपल्या ती बघत असते.

तिला मी सांगितलंय की ताईने बोलावलंय. ताईने खोली तयार ठेवलीय, खिडकी बागेकडे उघडते. तू तो बागेतला फोटो पाठवला होतास ना, मागे तिमजली घर असलेला, तो तिने पर्समध्ये घेतलाय. सगळ्या गल्लीला दाखवून झालाय. तू बोलावलेलं नाहीस हे मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. आईला माहीत असायचं काही कारण नाही.

तुझी वहिनी माहेरी गेली आहे, थोड्या दिवसांसाठी. घराला कुलूप आहे.

बाकी भेटीत.

धाकटा


१९ मे

ताई,

एक देश मागे पडला. सीमेवर आमची गाडी बघून शिपायांनी आधी मुलं शोधली. सीटखाली, मागे, सगळीकडे. शाळेची गाडी आणि मुलं नाहीत म्हणजे काहीतरी काळंबेरं, असा त्यांचा हिशेब. मग आईला बघून हसायला लागले. एकाने तिचा पासपोर्टवरचा फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं आणि मला सलाम ठोकला. मातृभक्त वाटलो असणार.

आई मजेत आहे. सकाळी गाडी चालू केल्यापासून तोंडाला कुलूप नाही. ताईला हे आवडायचं, ताई असती तर अशी म्हणाली असती, ताईला गाडी लागायची. मी आरशातून बघतो. गजांना धरून बसलेली असते आणि ज्या बाजूला तू राहतेस असं तिला वाटतं, त्या बाजूला बघत असते. दिशा चुकीची असते. मी सांगत नाही.

तिने तुला निरोप दिलाय. "तिला लिही, माझ्यासाठी काही करत बसू नकोस म्हणावं. मी एका कोपऱ्यात पडून राहीन." हे मी लिहिणार नव्हतो. तू करत बस. मी बसलोय ना करत इतकी वर्षं.

वहिनीबद्दल मागच्या पत्रात थोड्या दिवसांसाठी असं लिहिलं. तिला जाऊन वर्ष होत आलं. तुला कुणी सांगितलं नसेल, मीच मामाला सांगू नको म्हटलं होतं. ती भांडली नाही, रडली नाही. बॅग भरताना म्हणाली, "आई की मी असं मी विचारणार नाही. उत्तर मला माहीत आहे." तिच्या जागी कुणीही गेलं असतं. तिने आईचं अंथरूण धुतलं, बेडपॅन धुतला, आणि आई पाहुण्यांना सांगायची की ताईसारखं कुणाला जमत नाही. ताईला ते करताना कुणी बघितलं होतं?

बागेत खुर्ची टाकून ठेव. आईला ऊन लागतं सकाळचं.

धाकटा


२ जून

ताई,

एका डोंगराळ गावातल्या दवाखान्यातून लिहितोय. एकच खोली आहे. आई पलीकडच्या खाटेवर आहे, नाकात नळी आहे. जिवंत आहे. आधी हेच लिहिलं, नाहीतर तू पुढचं वाचताना मधल्या ओळी गाळल्या असत्यास.

पुढच्या देशात जायला दोन रस्ते होते. एक खालून, डोंगराला वळसा घालून जाणारा. त्याला वेळ लागला असता आणि आणखी एका देशाचा व्हिसा. दुसरा वरून, खिंडीतून. डॉक्टरांनी विमान नको म्हटलं होतं. डोंगराबद्दल ते काही बोलले नव्हते. मी विचारलंही नव्हतं.

पायथ्याला चहाची टपरी होती. तिथे एका ट्रकवाल्याने खिडकीतून आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हाताने छाती दाबून दाखवून वरच्या दिशेने नको नको अशी मान हलवली. मी त्याला चहा पाजला आणि निघालो.

चढाला लागलो तेव्हा आई बोलत होती. लहानपणी तू कुठल्या झाडावरून पडलीस ते सांगत होती. मी ऐकत नव्हतो, शंभर वेळा ऐकलंय. मग कधीतरी लक्षात आलं की गाडीत शांतता आहे. मला बरं वाटलं, झोपली म्हणून. दोन वळणं गेल्यावर आरशात बघितलं तर तिचे ओठ जांभळे झाले होते आणि डोळे उघडे होते.

गाडी वळवायला जागा नव्हती. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, मागे ट्रकांची रांग. वर जाऊन पलीकडे उतरणं एवढंच हातात होतं. मी हॉर्न वाजवत चढत राहिलो. "आई, बोल ना, ताईचं सांग ना," असं ओरडत होतो. तुझं नाव काढलं की ती एरवी कुठूनही उठते. त्या दिवशी उठली नाही.

त्या वळणांवर माझ्या मनात आलं, की इथे संपली तर संपलं. सुटलो. आणि लगेच दुसरा विचार आला, तो तिच्यासाठी नव्हता. तो असा होता, की मग तुझ्या दारात काय नेऊ?

वर खिंडीत तोच ट्रकवाला होता. माझ्या पुढे निघाला होता आणि वाट बघत थांबला होता. त्याच्याकडे ऑक्सिजनचा छोटा डबा होता, वर जाणारे सगळे ठेवतात म्हणे. त्याने आईच्या तोंडाला तो लावला, मला गचांडी धरून बाजूला केलं आणि पलीकडे उतरेपर्यंत आमची गाडी स्वतः चालवली. त्याचा ट्रक खिंडीतच राहिला. खाली पोचल्यावर माझ्याशी एक शब्द न बोलता दुसऱ्याच्या ट्रकमधून परत वर गेला.

इथली नर्स फोनमधल्या भाषांतराने बोलते. तिने आधी विचारलं, तुम्ही यांचे कोण. मग सांगितलं, यांना पुन्हा त्या डोंगरावर न्यायचं नाही, पुन्हा नेलंत तर परत आणणार नाही. मी विचारलं, मग घरी परत कसे जाणार. तिने खांदे उडवले.

खालच्या रस्त्याचा व्हिसा नाही. म्हणजे आता पुढेच. तयारी ठेव.

धाकटा


२० जून

ताई,

मामाचा फोन आला होता. तुला पत्रं मिळतायत म्हणजे. वाचतेसही. तू मामाकडून निरोप दिलास: त्याला म्हणावं मागे फिर, तिला काही झालं तर मी त्याला सोडणार नाही. मला नाही सोडणार तू? मला तर तू केव्हाच सोडलंस.

निरोपात सगळं होतं, फक्त 'ये' हा शब्द नव्हता. मी मामाला विचारलं, ये म्हणाली का. मामा घुटमळला. म्हणाला, तिच्याकडे जागेची अडचण आहे रे. मला हसूच आलं. तिमजली घर, पुढे बाग, आणि एका म्हातारीला जागा नाही. मामाला आणखी काही बोलायचं होतं. मी फोन ठेवला.

आई सुधारली आहे, पण आता पूर्वीसारखी बोलत नाही. दम लागतो. त्यामुळे नेमकंच बोलते. ती परक्या भाषेतले तीन शब्द शिकलीय. चौकी आली की फोटो काढते आणि बोट ठेवून म्हणते, "डॉटर." मग अभिमानाने, "डॉक्टर." तू दवाखान्यात मोठ्या पदावर आहेस असं कळवलं होतंस, त्याचं तिने डॉक्टर करून टाकलंय. मग ते माझ्याकडे बघून विचारतात हा कोण. ती म्हणते, "ड्रायव्हर."

पहिल्या वेळी मी हसलो. नंतर एका चौकीवर तिला म्हणालो, आई, मुलगा आहे म्हणून सांग ना. ती म्हणाली, "सांगून काय होणार? गाडी तूच चालवतोयस ना?"

त्यानंतरचा सगळा रस्ता वाळवंटातला होता. झाड नाही, वळण नाही. एका पेट्रोलपंपावर थांबलो. आईला सावलीतल्या बाकावर बसवलं, इथेच बस म्हणालो आणि हवा भरून घ्यायला गेलो.

इथपर्यंत लिहून थांबलो होतो. हवा भरायला गेलो नव्हतो. मी निघून गेलो.

गाडी सुरू केली आणि रस्त्याला लागलो. आरशात पंप लहान होत गेला. रेडिओ लावला. कुठल्या भाषेतलं गाणं होतं कोण जाणे, मी त्याबरोबर शीळ घालत होतो. तू गेलीस तेव्हा विमानात तुला असंच वाटलं असणार, असं माझ्या मनात आलं. किती हलकं वाटतं, ताई. मला कुणी सांगितलंच नव्हतं.

परत का फिरलो ते माहीत नाही. प्रेमाने वगैरे नाही. तिच्या गोळ्यांची पिशवी शेजारच्या सीटवर होती, ती एका खड्ड्यात गाडी आदळून खाली पडली. ती उचलायला थांबलो आणि मग पुढे जाता येईना.

पंपावर आलो तेव्हा सावली सरकून गेली होती आणि आई भर उन्हात बसली होती. त्याच बाकावर. पंपावरच्या माणसाने स्वतःची टोपी तिच्या डोक्यावर घातली होती. तो तिला आत न्यायला बघत होता, पण ती हलली नव्हती, मी इथेच बस म्हटलं होतं म्हणून. कपडे ओले झाले होते तिचे. एकटीने जाता येत नाही तिला, तुला माहीत आहे.

तिने मला विचारलं, "हवा भरलीस?"

मी हो म्हणालो. पंपामागे नळ होता, तिथे नेऊन धुतलं तिला, कपडे बदलले. ती माझ्या खांद्याला धरून उभी होती. म्हणाली, "ताईला हे लिहू नकोस."

लिहिलं.

धाकटा


११ जुलै

ताई,

आज बोटीतून आलो. गाडी खाली, माणसं वर. या काठाला एक खंड, त्या काठाला दुसरा. आईला मी वर डेकवर नेलं, दोन माणसांनी खुर्चीसकट उचलून नेली. वारा होता, पण तिला दम लागला नाही. समुद्राच्या हवेने बरं वाटलं असेल. पक्षी बोटीबरोबर उडत होते. तिने पावाचे तुकडे करून त्यांना घातले आणि एकाने हातातून उचलून नेला तेव्हा लहान पोरीसारखी हसली. तिला असं हसताना मी कधी बघितलं होतं ते आठवेना.

मग आपणहून म्हणाली, "ताईला शिकायला पाठवलं आणि तुला व्हॅन दिली. तू कधी तक्रार केली नाहीस."

मी म्हणालो, "मला कुणी विचारलं होतं?"

ती म्हणाली, "नाही विचारलं."

एवढंच. मी वाट बघितली पुढे काही म्हणेल म्हणून. तिने उरलेला पाव पक्ष्यांना घातला.

आता तुझ्यापर्यंत सगळा सपाट, गुळगुळीत रस्ता आहे. ऐक, ताई. घर मी सोडलंय. भाड्याचं होतं, मालकाला किल्ली दिली, सामान काढून टाकलं. घराला कुलूप आहे असं आईला वाटतं. तुझ्या दारात तिला ठेवायची आणि तिथून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच निघालो होतो. पुन्हा तिला माझ्याकडे ढकलायला तुला जागाच ठेवायची नव्हती.

पण अजून वेळ आहे. मामाला फोन कर आणि 'ये' म्हण. बाकी काही नको. मग मी तिला जे खोटं सांगितलंय ते खरं होईल, आणि मी पण नीट वागेन. दोन दिवस राहीन, कुंपणाला रंग देईन, तुझ्या बागेतलं गवत कापीन, जाईन.

मामाचा नंबर तुझ्याकडे आहे.

धाकटा


२ ऑगस्ट

ताई,

हे टपालात टाकत नाही. तुमच्या फाटकाला पेटी आहे, तिच्यात टाकून जाईन.

तू मामाला फोन केला नाहीस. मीही मामाने सांगितलेलं पुरतं ऐकलं नव्हतं. दोघांची बरोबरी झाली.

तुझा रस्ता दुपारी सापडला. पाऊस भुरभुरत होता. घर फोटोतलंच, तिमजली, पुढे बाग. फाटकाशी पाटी होती. ती भाषा मला येत नाही, पण पाटीवर चित्र होतं, काठीवाल्या म्हाताऱ्याचं. आणि व्हरांड्यात ओळीने चाकाच्या खुर्च्या, गुडघ्यांवर पांघरुणं, माना कलंडलेल्या. आईने गजांतून बघितलं आणि म्हणाली, "केवढी माणसं आहेत रे तिच्याकडे."

मला कळलं. वाफ, उशा, कुशीवर वळवणं, ते सगळं तुला कुठून माहीत होतं ते कळलं. मोठं पद कळलं. जागेची अडचण कळली. त्या घरात कुठेतरी तुझी एक खाट असेल आणि एक कपाट.

तेव्हा मला काय वाटलं, तेही लिहितो. आनंद झाला. इतक्या लांब गाडी हाकली, त्याचं चीज झालं असं वाटलं. तू तिथे परक्यांच्या आया धूत होतीस आणि मला पंख्याची दिशा शिकवत होतीस. आता बघू काय तोंड दाखवते, असं म्हणून मी आईला धरून दारापर्यंत नेलं आणि घंटा वाजवली.

दार तूच उघडलंस. निळा गणवेश, हातात रबरी मोजे. पाठीमागे तुझी कुणी वरिष्ठ बाई उभी होती, हातात कागद घेऊन. तू आईकडे बघितलंस. माझ्याकडे नाही. आणि त्यांच्या भाषेत, हसून, पाहुण्यांशी बोलतात तसं काहीतरी विचारलंस. मला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळायला भाषा लागत नव्हती. आपल्याला कोण हवंय?

मी तोंड उघडलं होतं. आईने माझा दंड दाबला. तिच्यात एवढा जोर आहे हे मला माहीत नव्हतं. तिने तुझा गणवेश बघितला, मोजे बघितले, मागची बाई बघितली. मग मला म्हणाली, "चल. पत्ता चुकलाय आपला."

तुझ्याकडे बघून मान झुकवली आणि वळली. पायऱ्या उतरताना तिने माझा आधार घेतला नाही, कठड्याला धरून उतरली. तू दार कधी लावलंस ते मी बघितलं नाही.

गाडीत बसल्यावर म्हणालो, "आई, ती ताई होती."

"नव्हती."

"आई, अगं."

"माझी मुलगी मला कळत नाही का? नव्हती ती." मग दम घेऊन म्हणाली, "घरी चल."

तेव्हा मला सांगावं लागलं. घर नाही म्हणून सांगितलं. किल्ली दिली, सामान काढलं, सगळं. ती ऐकत होती. एकच विचारलं, "बाबांची खुर्ची कुणाला दिलीस?"

"भंगारात."

ती गाडीच्या पत्र्याकडे तोंड करून पडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मामाला यातलं काही कळवायचं नाही." मामाला बरंचसं आधीच माहीत असणार म्हणा.

जायला कुठे नव्हतं म्हणून तुझ्या रस्त्याच्या टोकाला दुकानाच्या मोकळ्या जागेत गाडी लावून बसलो. इथे संध्याकाळ लांबते, उजेड सरतच नाही. त्या उजेडात तू येताना दिसलीस. कामावरून सुटून तशीच, गणवेशावर कोट, दोन्ही हातांत पिशव्या. मला ओलांडून गेलीस, दार सरकवलंस आणि आत चढलीस. मी चाकापाशी उभा राहिलो.

ते तुला माहीतच आहे, पण मी बाहेरून बघितलं ते लिहितो. थर्मासमधलं गरम पाणी तू टोपात ओतलंस. आईचे हात पुसलेस, मान, पाठ. कुशीवर वळवलंस तेव्हा तिला दम लागला नाही. मी वळवतो तेव्हा लागतो. मग पाय मांडीवर घेऊन नखं कापायला बसलीस. डोंगर उतरल्यापासून मी ती कापली नव्हती.

आई तुझ्या डोक्याकडे बघत होती. म्हणाली, "हात हलका आहे हो तुमचा."

तुमचा.

कात्री थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"बरीच वर्षं करता वाटतं हे काम?"

"बरीच झाली."

"दमत असाल."

"सवय होते."

त्या परक्या गावात, परक्या गणवेशातल्या बाईशी आई आपल्या भाषेत बोलत होती, ती बाई आपल्याच भाषेत उत्तरं देत होती आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटलं आता एखादी तरी फुटेल. मी वाट बघत होतो. एकीने तरी हाक मारावी. तू दारात तिला ओळखलं नाहीस. तिने तुला तिथे वाचवलं असं मी दुपारभर समजत होतो. आता ती वाचवत होती की फेडत होती, मला सांगता येत नाही. तुला कळलं असेल तर तुझ्यापाशी ठेव.

"आई आहे तुम्हाला?" तिने विचारलं.

तू दुसरा पाय मांडीवर घेतलास. "आहे."

"कुठे असते?"

"घरी. भावाकडे."

"बघतो का तो नीट?"

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. सबंध दिवसात पहिल्यांदा. मी पंपावरचं लिहिलेलं तू वाचलंयस. खिंडीतलं वाचलंयस. तुला आता काहीही म्हणता आलं असतं आणि ते खरं ठरलं असतं.

"बघतो," तू म्हणालीस.

आईने मान हलवली आणि डोळे मिटले. तू उशा लावल्यास, पाठीशी दोन आणि कडेला एक. टोप पुसून पिशवीत भरलास. उतरलीस. माझ्याजवळून जाताना खालच्या आवाजात म्हणालीस, "त्या डोंगरावरून परत नेऊ नकोस तिला." मी खालचा रस्ता धरतो म्हणालो. तुला उत्तर नको होतं, तू चालू लागली होतीस.

उद्या सकाळी निघतो. खालच्या रस्त्याने वेळ लागेल, वाटेत तो व्हिसाही काढावा लागेल, पण आमची कुणी वाट बघत नाहीये. पोचल्यावर एखादी खोली बघीन, तळमजल्यावरची. शाळा सुरू झाल्या असतील, जुनी गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे गेली असतील, बघू.

तुझ्यावर राग धरून मी इथवर आलो. तो राग अजून आहे, पण आता त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. पत्रं यापुढे लिहिणार नाही. लिहायला लागलो की मला जे करायचं नसतं तेही मी करतो, तुला लिहिता यावं म्हणून. पंपावरून मी निघून गेलो तेव्हाही मनात वाक्यं जुळत होती.

एक राहिलं. तू फाटकाच्या आत वळेपर्यंत आई उठून बसली होती. गजांना धरून बघत होती. तू दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ तशीच होती.

"बारीक झालीय," म्हणाली.

मी विचारलं, "कोण?"

ती परत आडवी झाली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"दार लाव," म्हणाली. "गार लागतंय."

धाकटा